गिधाडाचे चिन्ह आणि त्याचा ध्वनी : प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५

प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतील एकव्यंजनी चिन्हांची मराठी सूची करण्याचे काम आमच्या छोट्या अभ्यासगटाने हाती घेतले आहे, आणि त्यातील पहिल्या चिन्हाच्या नोंदी आजपासून येथे लिहीत आहे. ही चिन्हे साधारणपणे २४ मानली जातात. प्रत्येक चिन्ह एका व्यंजनासाठी वापरले जाते. इजिप्तविद्येच्या शब्दकोशांत शब्दांचा क्रम ज्या चिन्हापासून सुरू होतो ते चिन्ह म्हणजे उभे असलेले गिधाड, म्हणून आम्हीही त्यापासूनच आरंभ करीत आहोत. अॅलन गार्डिनर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिन्हसूचीत पक्ष्यांचा गट ‘जी’ या अक्षराखाली येतो आणि आपले चिन्ह त्या गटात पहिले, म्हणजे जी-१, आहे.

शाळांच्या कार्यशाळांत आणि संग्रहालयांच्या दुकानांत ‘आपले नाव चित्रलिपीत लिहा’ असे जे तक्ते मिळतात, त्यांत या गिधाडासमोर सरळ ‘अ’ लिहिलेले असते. मराठी मुलांना तो तक्ता दिला की अनिता, अमोल, आनंद या सर्व नावांची सुरुवात गिधाडाने होते. असे का लिहिले जाते याला कारण आहे, आणि ते कारण नोंदवणे आवश्यक आहे. परंतु सूचीत केवळ ‘गिधाड म्हणजे अ’ एवढेच छापले, तर वाचकाची दोन बाबतींत दिशाभूल होईल. पहिली गोष्ट अशी की इजिप्तची चित्रलिपी स्वर लिहीत नाही, आणि गिधाड हे मुळात व्यंजनाचे चिन्ह आहे. दुसरी गोष्ट अशी की या चिन्हाचा ध्वनी सुमारे तीन हजार वर्षांच्या वापरात एकच राहिला नाही. चिन्हाचे रूप तेच राहिले आणि त्यामागचा उच्चार बदलत गेला. म्हणून या चिन्हाच्या नोंदीत ध्वनी काळानुसार द्यावा, असा माझा प्रस्ताव आहे, आणि त्यासाठी लागणारा पुरावा पुढील नोंदींत गोळा करीत जाईन.

८ जुलै २०२५

आज केवळ आकृतीवर काम केले. चिन्हातील पक्षी म्हणजे ज्याला आपण पांढरे गिधाड म्हणतो तो. निओफ्रॉन पर्क्नॉप्टेरस हे त्याचे शास्त्रीय नाव. बिनपिसांचा पिवळा चेहरा, मानेमागे विस्कटल्यासारखी दिसणारी लांब पिसे, पांढरट अंग आणि उडताना स्पष्ट दिसणारी पंखांची काळी पिसे ही त्याची ओळख. काळजीपूर्वक कोरलेल्या शिलालेखांत हे गिधाड सपाट माथ्याचे, बाकदार चोचीचे आणि मानेमागे कोन निघालेले असे दिसते. तो मानेमागचा कोन आपल्या चित्रकाराने गुळगुळीत करू नये, असे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण चिन्ह ओळखण्याचा खरा आधार तोच आहे.

सूचीत चार-पाच पक्षी एकमेकांशेजारी येणार असल्यामुळे घोटाळ्याची शक्यता मोठी आहे. घुबड, म्हणजे ‘म्’चे चिन्ह, ओळखायला सोपे, कारण शरीर बाजूने दाखवले असले तरी त्याचा चेहरा समोरून रेखाटलेला असतो. लाव्याचे पिल्लू, म्हणजे ‘व्’चे चिन्ह, लहान, गोलसर आणि आखूड पंखांचे असते. ससाणा ताठ उभा असतो. खरी अडचण जी-४ या चिन्हाची आहे. तो शिकारी पक्षी गिधाडासारखाच उभा असतो, फक्त त्याचे डोके गोलसर असते, आणि त्याचा उच्चार पूर्णपणे वेगळा, ‘त्-य्-व्’ या तीन व्यंजनांचा आहे. घाईने कोरलेल्या लेखांत हे दोन पक्षी जवळजवळ सारखेच दिसतात आणि तेथे शब्दाच्या संदर्भावरूनच निर्णय करावा लागतो. याशिवाय आणखी एक गिधाड लिपीत आहे, मोठ्या जातीचे, जी-१४ क्रमांकाचे, ज्याने ‘आई’ हा शब्द लिहिला जातो. आमच्या मराठी सूचीत दोघांनाही नुसते ‘गिधाड’ म्हटले तर वाचकाला भेद कळणार नाही. म्हणून जी-१ साठी सर्वत्र ‘पांढरे गिधाड’ असेच लिहावे, असे ठरवले.

पक्ष्याविषयी एक गोष्ट येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही. भारतात आढळणाऱ्या या गिधाडाच्या उपजातीचे शास्त्रीय नाव जिंजिनिआनस असे आहे आणि ते तमिळनाडूतील जिंजीवरून आले आहे. ज्या जिंजीचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जिंकला आणि जेथून पुढे राजाराम महाराजांनी राज्याचा कारभार चालवला तीच ही जिंजी. नाईलच्या काठावर दगडात कोरला गेलेला पक्षी आपल्याकडच्या माळरानांवर अजून दिसतो, पण त्याची संख्या झपाट्याने घटली आहे आणि २००७ पासून जागतिक यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. सूचीत चिन्हाशेजारी पक्ष्याचेही चित्र द्यावे, हे मला त्यामुळेच अधिक महत्त्वाचे वाटते.

१२ जुलै २०२५

‘गिधाड म्हणजे अ’ हे समीकरण आले कोठून, याची नोंद आज पूर्ण केली. त्याचे मूळ लिपीच्या उलगड्यातच आहे.

रोझेटा येथे १७९९ मध्ये सापडलेल्या शिलाखंडावर चित्रलिपीतील अखंड राजनाम एकच होते, इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्यातील टॉलेमी या राजाचे, आणि त्या नावात गिधाड नाही. गिधाड पुढे आले ते फिली बेटावरील एका स्तंभामुळे. टॉलेमी आठवा याच्या काळातील हा स्तंभ विल्यम बँक्स यांनी इंग्लंडला नेला आणि त्यावरील लेखाची छापील प्रत १८२२ च्या आरंभी ही लिपी उलगडणारे फ्रेंच अभ्यासक जाँ-फ्रान्स्वा शाँपोलियाँ यांच्या हाती पडली. त्यावरील लंबगोल चौकटीत क्लिओपात्रा हे नाव होते. ग्रीक नावातील ध्वनी क्रमाने चिन्हांसमोर ठेवले असता सहाव्या आणि नवव्या स्थानी, म्हणजे नावात जेथे जेथे ‘आ’ येतो नेमक्या त्याच दोन ठिकाणी, तेच एक गिधाड बसलेले आढळते. टॉलेमीच्या नावात ज्या चिन्हांनी प, ल आणि ओ हे ध्वनी लिहिले होते, तीच चिन्हे येथेही अपेक्षित जागी होती. त्यामुळे हे जुळणे योगायोगाचे नाही, याची खात्री पटली. अलेक्झांडरच्या नावाच्या लेखनातही आरंभी गिधाडच मिळते. २७ सप्टेंबर १८२२ रोजी पॅरिसच्या अकादमीत वाचल्या गेलेल्या, अकादमीचे सचिव दासिए यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात शाँपोलियाँ यांनी ग्रीक आणि रोमन राज्यकर्त्यांच्या नावांवरून हे ध्वनी मांडले.

हा पुरावा पक्का आहे आणि त्याविषयी वाद नाही. परंतु तो कोणत्या काळाचा आणि कोणत्या प्रकारच्या शब्दांचा आहे, हे पाहिले पाहिजे. परकीय, ग्रीक भाषेतील नावे, आणि तीही चित्रलिपीच्या इतिहासाच्या अगदी शेवटच्या टप्प्यातील. त्या काळातील लेखनिकांपुढे प्रश्न असा होता की ज्या लिपीत स्वरांना चिन्हेच नाहीत त्या लिपीत राजाच्या परकीय नावातील स्वर दाखवायचे कसे. आणि त्यांनी त्यासाठी जे चिन्ह निवडले ते असे होते की ज्याचा स्वतःचा व्यंजनध्वनी तोवर जवळजवळ नाहीसा झाला होता. मोकळ्या पडलेल्या चिन्हाला त्यांनी नवे काम दिले. तक्त्यातला ‘अ’ हा या शेवटच्या टप्प्यातला ‘अ’ आहे. पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या काळातील गिधाड त्यावरून वाचता येणार नाही.

१३ जुलै २०२५

गटातील एका शिक्षकांनी विचारले की व्यंजनच होते तर ते कोणते, हे एका वाक्यात सांगता येईल का. पाठ्यपुस्तकांत दिले जाणारे उत्तर असे आहे की हा कंठातील खंड आहे : आवाजाचा प्रवाह घशात क्षणभर अडवून सोडण्याने होणारा ध्वनी. मराठीत त्याला अक्षर नाही, पण तो आपल्या तोंडून निघतो. लहान मूल नको म्हणताना मान हलवून ‘अं-अं’ करते, तेव्हा दोन ‘अं’च्या मध्ये जो तुटकपणा ऐकू येतो तोच हा ध्वनी. हे उदाहरण सूचीत घ्यायचे आहे. मात्र हे उत्तरही गिधाडाच्या आयुष्यातील एका टप्प्यालाच लागू पडते, ही गोष्ट त्यांना पुढील पुरावा दाखवूनच सांगायला हवी.

१९ जुलै २०२५

आजचा पुरावा या साऱ्या कामाचा कणा आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो.

मध्य राज्याच्या काळात, ढोबळमानाने इ.स.पू. १९व्या आणि १८व्या शतकांत, इजिप्तमध्ये शत्रूंची नावे मातीच्या भांड्यांवर किंवा हात बांधलेल्या कैद्यांच्या मातीच्या मूर्तींवर लिहून शाप देण्याचा विधी होता. भांडी लिहून झाल्यावर फोडली जात. बर्लिनला पोहोचलेले असे तुकडे कुर्ट झेटे यांनी १९२६ मध्ये, तर ब्रुसेल्समधील मूर्तींवरील लेख जॉर्ज पोझने यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केले. या लेखांत कनान प्रदेशातील, म्हणजे आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइनच्या परिसरातील, गावांची आणि त्यांच्या राज्यकर्त्यांची नावे आहेत, आणि ती नावे सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या कुळातील, भाषांतील असल्यामुळे त्यांचे मूळ उच्चार आपल्याला इतर मार्गांनी ठाऊक आहेत. म्हणजे इजिप्तच्या लेखनिकाने ऐकलेला ध्वनी एका बाजूला आणि त्यासाठी त्याने निवडलेले चिन्ह दुसऱ्या बाजूला, अशी तुलना येथे थेट करता येते.

जेरुसलेमचे नाव घ्या. शाप-लेखांत ते गिधाड, व्, श्, गिधाड, म्, म् अशा व्यंजनांनी लिहिले आहे. मूळ नाव ‘रुशलिमुम’ असे वाचले जाते. काही शतकांनंतर इजिप्तमधील अमार्ना येथे सापडलेल्या राजदरबारी पत्रांत त्याच शहराचे नाव ‘उरुसलिम’ असे येते, त्यामुळे नावात र आणि ल आहेत याविषयी शंका उरत नाही. या लेखनात पहिले गिधाड ‘र’च्या जागी आहे आणि दुसरे गिधाड ‘ल’च्या जागी आहे. अश्केलोन या बंदराच्या नावातही स् आणि क् यांच्यानंतर ‘ल’च्या जागी गिधाड येते आणि मग न्. लेखनिकाला या नावांत स्वर दाखवायचा असता किंवा कंठातील खंड दाखवायचा असता, तर र आणि ल ही दोन ठसठशीत व्यंजने लिहायचीच राहून गेली असे मानावे लागेल, आणि अशी चूक एका नावात घडली असे म्हणता येईल, नावामागून नावात नाही.

यावरून निष्कर्ष असा निघतो की मध्य राज्याच्या काळातील इजिप्शियन कानाला सेमिटिक र आणि ल यांच्या सर्वांत जवळचा आपल्या भाषेतील ध्वनी गिधाडाने लिहिला जाणारा वाटत होता. येथे वाचक विचारील की ‘र’साठी तर तोंडाचे चिन्ह होतेच, मग ते का वापरले नाही. त्या काळातील इजिप्शियन ‘र’ जिभेच्या टोकाच्या एका झटक्याने होणारा असावा आणि सेमिटिक ‘र’शी तो जुळत नसावा, असे भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. त्या भाषेत ‘ल’साठी स्वतंत्र चिन्हही नव्हते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवायला हवी. ‘रलयोरभेदः’ हे वचन आपल्या व्याकरण-परंपरेतही आहेच, त्यामुळे एकच चिन्ह र आणि ल या दोघांसाठी कसे येते, हे मराठी वाचकाला फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

२१ जुलै २०२५

दुसरा पुरावा सगोत्र शब्दांचा आहे. प्राचीन इजिप्तची भाषा आणि सेमिटिक भाषा एकाच मोठ्या कुळातील असल्यामुळे काही शब्द दोन्हीकडे मिळतात. द्राक्षमळ्यासाठी इजिप्शियन शब्द क्, गिधाड-ध्वनी, म् अशा व्यंजनांचा आहे आणि हिब्रू शब्द ‘केरेम’ आहे. क आणि म जुळतात आणि मधल्या ‘र’समोर गिधाड उभे राहते. हा शापलेखांशी मेळ खाणारा पुरावा झाला. पण विरुद्ध बाजूचे शब्दही आहेत. कोल्ह्यासाठीचा इजिप्शियन शब्द झ्, गिधाड-ध्वनी, ब् असा आहे आणि त्याच्याशी जोडला जाणारा लांडग्यासाठीचा अरबी शब्द ‘झिअ्ब’ असा, मध्ये कंठातील खंड असलेला आहे. कंठखंडाचे मत जुन्या पिढीतील अभ्यासकांनी उगाच धरले नव्हते, हे अशा शब्दांवरून दिसते.

ओटो ऱ्योस्लर यांनी १९७१ मध्ये इजिप्शियन व्यंजनांची सेमिटिकशी नव्याने सांगड घातली आणि गिधाडाला ‘र’ वर्गात ठेवले. अंतोनिओ लोप्रिएनो यांनी १९९५ मध्ये जुन्या टप्प्यासाठी पडजिभेच्या कंपनातून होणारा, पॅरिसमधील फ्रेंच ‘र’सारखा ध्वनी मांडला. मला हे मांडणे विशेष पटते, कारण पडजिभेचा ‘र’ घशात सरकून मंद होत जाणे आणि शेवटी नुसता खंड उरणे हा प्रवास उच्चाराच्या दृष्टीने सरळ आहे. त्यामुळे आधीचा र-ल आणि नंतरचा कंठखंड या दोन गोष्टींत वैर राहत नाही. काही अभ्यासक मात्र ‘ल’कडे झुकतात. सूचीत ‘जुन्या काळी र किंवा ल यांच्या जवळचा ध्वनी’ एवढेच लिहावे आणि मतभेद एका वाक्यात सांगावा.

२७ जुलै २०२५

मध्य राज्यानंतरचा कालखंड, नवीन राज्य. येथे चित्र पालटलेले दिसते, आणि ते पालटणे एकाच शहराच्या नावात दाखवता येते. अश्केलोनचे नाव इ.स.पू. सुमारे १२०८ मधील राजा मेर्नेप्ताह याच्या विजयस्तंभावर पुन्हा येते, पण आता ‘ल’च्या जागी गिधाड नाही. तो ध्वनी ‘र’च्या चिन्हगटाने लिहिलेला आहे. सहा-सात शतकांत लेखनिकांनी परकीय र आणि ल यांच्यासाठी गिधाड वापरणे सोडून दिले, याचा अर्थ त्यांच्या स्वतःच्या भाषेत गिधाडाचा ध्वनी आता त्या प्रकारचा उरला नव्हता. याच काळात परकीय शब्द लिहिण्यासाठी व्यंजनांचे ठरावीक गट करण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यांतील अनेक गटांत गिधाड नुसते सोबतीला बसलेले आढळते. पुढे क्लिओपात्राच्या नावात ते ‘आ’चे काम करू शकले, त्याची तयारी या पद्धतीत होती.

अमार्ना येथे १८८७ मध्ये सापडलेल्या मृत्तिकापत्रांची साक्ष याहून नेमकी आहे, कारण ती कीलाक्षर लिपीत आहेत आणि त्या लिपीत स्वर लिहिले जातात. इ.स.पू. १४व्या शतकातील या पत्रव्यवहारात तिसरा आमेनहोतेप याचे राजनाम ‘निब्मुअरेय’ अशा रूपात येते. यातील मधला भाग म्हणजे सत्य आणि सुव्यवस्था यांची देवी माअत हिचे नाव, ज्यात म् नंतर गिधाड-ध्वनी असायला हवा. कीलाक्षरांत तेथे ‘मु’ आणि ‘अ’ आहेत. र नाही, ल नाही. आजच्या लेबनॉनमधील बिब्लोसच्या राज्यकर्त्याच्या एका पत्रात मेम्फिस येथील प्ताह देवाच्या मंदिराचे नाव ‘हिकुप्ताह’ असे येते. मूळ इजिप्शियन नावाच्या मधोमध ‘का’, म्हणजे व्यक्तीची जीवनशक्ती, हा शब्द आहे, ज्यात क् आणि गिधाड-ध्वनी अशी दोन व्यंजने आहेत. आणि कीलाक्षरांत त्यातले फक्त ‘कु’ उरले आहे. याच मंदिराच्या नावावरून ग्रीक लोकांनी देशाचे नाव ‘आइगुप्तोस’ असे घेतले, ज्याचे आजचे रूप इजिप्त. आपण देशाचे नाव उच्चारतो तेव्हा ‘ज’ आणि ‘प’ यांच्या मध्ये एके काळी हा ध्वनी होता. ही ओळ सूचीच्या मुख्य मजकुरात असावीच, असा माझा आग्रह आहे.

‘माअत’ आणि ‘का’ हे शब्द पांढऱ्या गिधाडाने लिहीत नाहीत, ही अडचण येथेच मिटवून ठेवतो. पहिल्यात विळ्याचे चिन्ह येते, ज्याचा उच्चार म् आणि गिधाड-ध्वनी असा दोन व्यंजनांचा आहे, आणि दुसऱ्यात वर उचललेल्या दोन हातांचे चिन्ह येते. गिधाडाचा ध्वनी अशा अनेक द्विव्यंजनी चिन्हांत सामावलेला आहे. म्हणून आपली नोंद जशी एका चिन्हाची आहे तशीच एका व्यंजनाचीही आहे, आणि शीर्षकात दोन्ही वेगळे दाखवावे लागतील.

२ ऑगस्ट २०२५

शेवटच्या टप्प्याची नोंद थोडक्यात. आस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटाच्या इजिप्शियन नावाचे पहिले व्यंजन गिधाड-ध्वनी होते. इ.स.पू. ५व्या शतकात तेथील यहुदी सैनिकांच्या वसाहतीने आरामाइक भाषेत लिहिलेल्या पपायरसांत ते नाव ‘येब’ असे येते. आरंभीच्या ध्वनीचा ‘य’ झालेला आहे. अबायडोस या प्राचीन शहराच्या नावाचा आरंभही गिधाड-ध्वनीने होत असे, पण ख्रिस्ती काळातील कॉप्टिक लेखनात ते ‘एबोत’ असे स्वराने सुरू होते. कॉप्टिक, म्हणजे इजिप्शियन भाषेचे शेवटचे रूप, ग्रीक अक्षरांत लिहिले जात असे आणि ग्रीकमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी त्यात इजिप्तच्या जुन्या लोकलिपीतून, म्हणजे रोजच्या व्यवहाराच्या जलद लिपीतून, काही अक्षरे घेतली होती. त्या घेतलेल्या अक्षरांत गिधाडाच्या वंशातले एकही नाही, यावरून त्या ध्वनीसाठी स्वतंत्र अक्षराची गरज उरली नव्हती हे उघड आहे. चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात दिनांकित लेख फिली बेटावरचाच आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा.

९ ऑगस्ट २०२५

देवनागरीत हा ध्वनी लिहायचा कसा, यावर आज गटाची बैठक झाली. युरोपीय लिप्यंतरात या व्यंजनासाठी तीनच्या आकड्यासारखे दिसणारे एक खास चिन्ह आहे, आणि त्याचा मोठा गुण असा की ते कोणत्याच उच्चाराची बाजू घेत नाही. देवनागरीत आपल्यालाही असेच तटस्थ चिन्ह हवे आहे.

पहिला पर्याय ‘अ’. तो नाकारला, कारण वाचक तो स्वर म्हणूनच वाचणार. दुसरा पर्याय देवनागरीतील ॽ हे अक्षर, जे नेपाळमधील लिंबू नावाच्या भाषेतील कंठखंडासाठी वापरतात आणि जे युनिकोडमध्ये उपलब्ध आहे. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ते आकर्षक आहे, परंतु ते वापरले की गिधाड सदैव कंठखंडच होते असे आपण म्हटल्यासारखे होईल, आणि जेरुसलेमच्या नावातील दोन गिधाडे त्याच्या विरोधात उभी राहतील. शिवाय मराठी कळफलकांवर ते सहज मिळत नाही. तिसरा पर्याय अवग्रह, ऽ. तो ‘सोऽहम्’मुळे सर्वांच्या परिचयाचा आहे, टंकलेखनाला सोपा आहे, आणि त्याला स्वतःचा उच्चार नाही. मला हाच योग्य वाटला.

त्यावर एक रास्त हरकत आली. मराठीत ‘आईऽऽ’ किंवा ‘अरेऽऽ’ असे लिहून आपण हेल लांबवतो, तेव्हा वाचक ऽ पाहून आधीचा स्वर ओढून वाचील आणि गिधाड पुन्हा स्वरच होऊन बसेल. यावर उपाय असा निघाला की लिप्यंतरात प्रत्येक व्यंजन आडव्या रेघेने वेगळे करावे आणि व्यंजनांचा पाय मोडावा. ‘ऽ-प्-द्’ म्हणजे पक्षी, ‘क्-ऽ’ म्हणजे जीवनशक्ती. अशा मांडणीत ऽ हे एका स्वतंत्र व्यंजनाच्या जागी बसलेले दिसते आणि त्याला ओढायला आधी स्वरच उरत नाही. हरकत घेणाऱ्यांनी ‘ऽ-प्-द्’ मोठ्याने वाचण्याचा प्रयत्न केला, थांबले, आणि हे वाचता येत नाही असे म्हणाले. ते योग्यच आहे. व्यंजनांची ओळ वाचण्यासाठी नसून लेखन दाखवण्यासाठी आहे, आणि उच्चारासाठी तिच्याखाली दुसरी ओळ लागेल, हे त्यांच्यामुळे ठरले.

बाहूच्या चिन्हासाठी, जे इजिप्शियनमधील दुसरे कंठ्य व्यंजन लिहिते, तूर्त नुक्ता दिलेला ‘अ़’ ठेवला आहे. त्यानुसार माअतचे लिप्यंतर ‘म्-ऽ-अ़-त्’ असे होईल. युरोपीय पाठ्यपुस्तके गिधाड आणि बाहू या दोघांनाही वाचताना ‘आ’ म्हणतात. आपल्या सूचीत ते निदान लिहिताना तरी वेगळे राहतील.

१६ ऑगस्ट २०२५

उच्चाराच्या ओळीचे नियम लिहिले. इजिप्तविद्येतील रूढ प्रथेप्रमाणे ऽ आणि अ़ यांच्या जागी ‘आ’ किंवा ‘अ’ म्हणायचे, इतर व्यंजनांच्या मध्ये गरजेप्रमाणे ‘ए’ घालायचा. त्यामुळे ऽ-प्-द् हे ‘अपेद’ आणि म्-ऽ-अ़-त् हे ‘माअत’ होते. हे उच्चार अभ्यासकांच्या सोयीचे आहेत आणि कोणत्याही काळातील इजिप्शियन माणसाने ते ओळखले नसते, हे वाक्य मी नियमांच्या अगदी आरंभी घातले आहे. सोय म्हणून त्याचा वापर करण्यात काहीच गैर नाही. फक्त सोयीला पुरावा समजू नये.

मुलांना चिन्हाचा बदलता ध्वनी कसा समजावायचा, यावर शिक्षकांनीच सुचवलेला दाखला फार चांगला आहे. आपल्या वर्णमालेत ‘ऋ’ आहे. संस्कृतमध्ये तो स्वर मानला जातो, स्वरांतच शिकवला जातो, आणि आज मराठीत आपण त्याला ‘रु’ म्हणतो. अक्षर जागचे हलले नाही, उच्चार हलला. आणि ऋषी हा शब्द लिहिताना आपण ‘रु’ लिहीत नाही. गिधाडाचा प्रवास याच्या उलट दिशेने, व्यंजनाकडून स्वराकडे, झाला आहे, एवढा फरक सांगितला की सातवीच्या मुलालाही मुद्दा कळतो.

कार्यशाळेच्या तक्त्याचे काय करायचे, हाही प्रश्न आज सुटला. मुलांनी स्वतःची नावे लिहिणे बंद करण्याचे कारण नाही. परकीय नाव चित्रलिपीत लिहिताना ‘आ’साठी गिधाड वापरणे ही टॉलेमी काळातील लेखनिकांचीच रीत आहे. म्हणून आमच्या तक्त्यावर ‘अ’ राहील, पण त्याखाली ‘टॉलेमी आणि रोमन काळातील परकीय नावांसाठी’ अशी ओळ असेल आणि शेजारी क्लिओपात्राच्या नावाची चौकट असेल.

२३ ऑगस्ट २०२५

छपाईची अखेरची तपासणी. चित्रलिपीची १०७१ चिन्हे युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत, २००९ मध्ये, समाविष्ट झाली आणि जी-१ त्यांत आहे, त्यामुळे चिन्ह चित्र म्हणून न चिकटवता अक्षर म्हणून छापता येते. नमुना छपाईत लहान आकारात गिधाडाच्या मानेमागचा कोन पुसट होऊन तो पक्षी जी-४ सारखा दिसू लागला. अक्षराचा आकार वाढवला आणि शेजारी मोठी रेखाकृती घेतली, आता भेद स्पष्ट आहे. सर्व पक्षी डावीकडे पाहतील, कारण चित्रलिपीत प्राण्यांची तोंडे ओळीच्या आरंभाकडे असतात आणि आपली ओळ डावीकडून उजवीकडे जाते.

मंजूर झालेली नोंद अशी :

‘पांढरे गिधाड (जी-१). लिप्यंतर ऽ. हे व्यंजनाचे चिन्ह आहे. मध्य राज्यापर्यंत र किंवा ल यांच्या जवळचा ध्वनी. शापलेखांतील जेरुसलेमच्या नावात दोन्हींच्या जागी. याचा मूळ उच्चार नेमका कसा होता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नवीन राज्यापासून कंठातील खंड, अनेक शब्दांत लुप्त. टॉलेमी आणि रोमन काळात परकीय नावांतील अ-आ दाखवण्यासाठी. आज वाचताना प्रथेने आ. हाच ध्वनी विळा, उचललेले हात इत्यादी द्विव्यंजनी चिन्हांतही असतो. जी-४ आणि जी-१४ या पक्ष्यांशी गल्लत करू नये.’

पुढील नोंद वेताच्या पात्याच्या चिन्हाची. त्यासाठी अलेक्झांडरच्या नावाची सर्व उपलब्ध लेखने एकत्र करण्याचे काम गटातील दोघांकडे दिले आहे, कारण त्या नावात गिधाड आणि पाते दोन्ही येतात आणि स्वरांची वाटणी लेखनिकांनी कशी केली, हे तेथे शेजारी-शेजारी पाहता येईल.